डोरियन नक्की किती चांगला?

२८ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, "मिस्टर सेलेस्तीन, या हंगामात मॅच बघताना ओरडायचं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, माझा मुलगा खेळतो."

"म्हणूनच सांगतोय."

जुलैत माझ्या हृदयात स्टेंट बसवला. तेव्हापासून मीठ कमी, सॉसेज बंद, आणि आता तोंडही बंद. डॉक्टर उत्तरेकडचे, आमच्या अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. रनिंग बॅक म्हणजे काय ते मीच त्यांना समजावलं. चेंडू पोटाशी घट्ट धरायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांमधून जमेल तेवढं पुढे पळायचं. ते म्हणाले, "हे तर फार धोक्याचं दिसतंय." मी म्हटलं, "आमचा डोरियन त्यात एक नंबर आहे." त्यांनी पुन्हा माझं ब्लडप्रेशर बघितलं.

घरी आल्यावर क्लॉडेटने ही वही समोर आपटली. "जे काही ओरडायचंय ते हिच्यात ओरड. मला विधवा व्हायचं नाहीये."

म्हणून ओरडतो. आमचा डोरियन अख्ख्या दक्षिणेतला सगळ्यात चांगला रनिंग बॅक आहे!

छे. ओरडल्यासारखं वाटलंच नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

पहिली मॅच जिंकली. डोरियनच्या कॉलेजचं, बेल रिव्हर स्टेटचं मैदान खच्चून भरलं होतं. डोरियन एकशेचाळीस यार्ड पळाला, दोनदा चेंडू गोलरेषेपार नेला, म्हणजे दोन टचडाऊन. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

एका बाजूला क्लॉडेट, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ रूफस. रूफस मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम करतो. दोन आठवडे पाण्यावर असतो आणि दोन आठवडे माझ्या डोक्यावर.

"पोरगं चांगलं पळालं," तो म्हणाला. मला वाटलं, सुधारला. "पण पुढच्या फळीने एवढं मोठं खिंडार पाडून ठेवलं होतं, की त्यातून माझी टगबोटही गेली असती."

"तुझी टगबोट आडवी झाली तर उठणार नाही. माझा पोरगा उठतो."

"त्याला आडवं करतंय कोण? कुणी अंगावर आला की हा सरळ रेषेबाहेर! भाजी आणायला निघाल्यासारखा."

"दोघंही गप्प बसा," क्लॉडेट म्हणाली. "लोक मॅच सोडून तुम्हाला बघतायत."

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. रूफसचं अगदीच चूक नाही. समोरचा अंगावर येताना दिसला की डोरियन कडेच्या रेषेकडे बघतो, कारण रेषेबाहेर गेलं की कुणी आडवं करत नाही. मोठे खेळाडू फक्त पुढे बघतात. हे मी गेल्या वर्षीही पाहिलं होतं. बोललो नाही, कुणाशीच.

२१ सप्टेंबर, रविवार

तिसरा विजय. आता पेपरवाले लिहायला लागलेत, की डोरियन सेलेस्तीन हे वर्ष संपलं की कॉलेज सोडून व्यावसायिक संघात जाणार. माझ्या टायरच्या दुकानात येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यावर बोलतो, मग पंक्चर दाखवतो.

दुपारी त्याचा फोन आला. मी विचारलं, गुडघा कसा आहे? बरा आहे, म्हणाला. मग वीस मिनिटं चिखलावर बोलला. त्याचा अभ्यास पाणथळ जमिनींचा. त्यांच्या प्रोफेसर ट्रॅनबाई मुलांना घेऊन खाडीच्या तोंडाशी गवत लावतात, किनारा वाहून जाऊ नये म्हणून. परवाच्या वादळात तिथली रोपं जातील अशी सगळ्यांना भीती होती.

"डॅडी, गेली नाहीत! एकही नाही! मुळं धरलीत त्यांनी!"

केवढ्याने ओरडला! फोनची लाइन खराब असावी.

"तुम्ही आणि आई या ना एकदा बघायला."

म्हटलं, हंगाम संपू दे, मग बघू. पुढची मॅच महत्त्वाची आहे, त्यावर लक्ष ठेव.

"हो, डॅडी," म्हणाला. लाइन अचानक सुधारली बहुतेक, कारण एकदम हळू बोलायला लागला.

१२ ऑक्टोबर, रविवार

हरलो. वाईट हरलो. समोरचा संघ तगडा होता, आमच्या फळीला त्यांनी पत्र्यासारखं वाकवलं. डोरियनला तीसेक यार्ड मिळाले असतील, आणि एकदा चेंडू हातातून सुटला तो नेमका त्यांच्या पोराच्या हाती लागला. परतताना रूफस गाडी चालवत होता. तासभर एक शब्द बोलला नाही. तो टोमणे मारतो तेव्हा बरं असतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझ्या हातून मूर्खपणा झाला.

दुकानात रेडिओ चालू होता. सकाळच्या कार्यक्रमात लोक फोन करून डोरियनची सालं काढत होते. एक म्हणाला, "फुगवलेला फुगा आहे." एक बाई म्हणाली, "माझी आजी त्याच्यापेक्षा जोरात धडकते." मला राहवलं नाही. फोन लावला. आवाज बदलला आणि म्हणालो, "मी होमा गावावरून मार्विन बोलतोय. त्या मुलाचा बाप कोण मला माहीत नाही, पण त्याने फार चांगला मुलगा वाढवलाय. आणि तो रनिंग बॅक म्हणून..." पुढे काय काय बोललो आठवत नाही. बराच वेळ बोललो. निवेदकाला मला थांबवावं लागलं.

दहा मिनिटांत दुकानासमोर रूफसची गाडी. काच खाली केली.

"काय मार्विन! होमात हवा कशी आहे?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. डोरियनचा फोन आला तेव्हा मी घाबरतच उचलला. तो हसत होता.

"डॅडी, मार्विनला सांगा, तब्येतीला जप."

मग विचारलं, "तुम्हाला खरंच तसं वाटतं? रेडिओवर म्हणालात तसं?"

"म्हणजे काय! त्यात शंका आहे का?"

"नाही," म्हणाला, "सहज विचारलं."

खरं सांगायचं तर मला काय वाटतं ते मलाच ठाऊक नाही. त्याला चेंडू मिळाला की मी घाबरून जातो आणि दुसरं काही दिसतच नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर मिस्टर ट्रेडवेल घरी आले. खेळाडूंना व्यावसायिक संघांत पोचवून देणं हा यांचा धंदा. मगरीच्या कातड्याचे बूट, आणि आवाज असा की लोणी लावायची गरजच नाही. क्लॉडेटने गंबो, म्हणजे कोळंबीचा दाट रस्सा, केला होता. त्यांनी दोनदा मागून घेतला.

"असा मुलगा दहा वर्षांत एकदा होतो," ट्रेडवेल म्हणाले. "जानेवारीत त्याने फक्त हो म्हणायचं. पुढचं मी बघतो."

रूफस जेवता जेवता म्हणाला, "चाळीस यार्ड किती सेकंदात पळतो हो तो?"

"आकड्यांच्या पलीकडे काही गोष्टी असतात, साहेब."

"असतात ना. पण आकडा काय?"

ट्रेडवेलनी घड्याळ बघितलं आणि त्यांना पुढच्या गावी जायचं आठवलं.

ते गेल्यावर मी रूफसला म्हटलं, "तुला भाच्याचं भलं बघवत नाही."

तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला. त्याला इतकं शांतपणे बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "लायनेल, ऐक. डोरियन चांगला आहे. थांबून वाट बघतो, कुठे फट पडणार ते त्याला आधी दिसतं, हे शिकवून येत नाही. पण मोकळं मैदान मिळालं की मागून येणारा त्याला गाठतो. दर वेळी गाठतो. वर गेल्यावर सगळेच मागून गाठणारे. मी त्याला वाईट म्हणत नाहीये. तुम्ही सगळे मिळून त्याला जे करून ठेवलंयत, ते तो नाहीये."

मी म्हटलं, "नीघ माझ्या घरातून."

तो उठला. येताना आणलेल्या बटाट्याच्या सॅलडचं भांडंही उचललं.

"ते भांडं माझं आहे," क्लॉडेट म्हणाली. "सॅलड ने, भांडं ठेव."

सॅलड कशात नेणार? दोन्ही इथेच राहिलं. रूफस गेला. क्लॉडेट भांडी घासत होती, पण होत होता तो आवाज नेहमीचा नव्हता.

छातीत सारखं जड वाटतंय. गंबो जास्त झाला असेल. पण मी तर फक्त एक वाडगा घेतला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या सत्रात डोरियन मधल्या फटीतून घुसला आणि दोघांनी त्याला दोन बाजूंनी धरलं. पोरं बाजूला झाली, हा तसाच पडून. मी उभा राहिलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. रूफस. आला होता आणि मागे लपून बसला होता.

"श्वास घेतोय तो," रूफस म्हणाला. "छाती हलतेय, मला दिसतेय. तूही घे."

मग डोरियन उठला. लंगडत, पण स्वतःच्या पायांनी.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी क्लॉडेटलाही सांगितलेली नाही. त्याचा पाय हलताना दिसला आणि तो जिवंत आहे हे कळलं, त्याच क्षणी मनात आलं: मोडला असला तर बरं. पाय मोडला असला तर हे सगळं संपेल. कसला बाप असा विचार करतो?

खेळाडूंच्या खोलीत गेलो तेव्हा तो टेबलावर पाय लांब करून बसला होता. संघाचे डॉक्टर म्हणाले, "घोटा मुरगळलाय, डोक्याला काही नाही. दोन आठवड्यांत पळेल."

"दोनच आठवडे?" डोरियन म्हणाला.

चेहरा एकदम पडला बिचाऱ्याचा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "धीर धर, दोन मॅच चुकल्या तरी काही बिघडत नाही." त्याने मान हलवली. क्लॉडेट त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

रूफसने आम्हाला घरी सोडलं. मी त्याला आत बोलावलं. भांड्याबद्दल कुणीच बोललं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

निकाल आला. व्यावसायिक संघांचे पारखणारे लोक असतात, त्यांना कोचनी डोरियनबद्दल विचारलं होतं. त्यांचं मत असं, की त्याने कॉलेजातच राहावं. घेतलंच कुणी तर अगदी शेवटी घेतील, कदाचित घेणारही नाहीत.

डोरियन हे सांगायला स्वतः गाडी चालवत घरी आला. मी दाराशीच त्याला मिठी मारली आणि त्याची समजूत घालायला लागलो, की पारखणाऱ्यांना काय कळतंय, आंधळे आहेत मेले. तो म्हणाला, "ठीक आहे, डॅडी. आई, जेवायला काय आहे?"

लाल राजमा आणि भात होता. तीन ताटं जेवला. मग सोफ्यावर आडवा झाला आणि बूट न काढताच झोपला, लहानपणी झोपायचा तसा. दुःखाचा एकेकावर वेगळा परिणाम होतो. मी तर दिवसभर काही खाऊ शकलो नव्हतो, पण त्याला झोपलेलं बघितलं आणि मलाही भूक लागली.

क्लॉडेट म्हणाली, "लायनेल, तुला यात काही दिसत नाही का?"

"काय दिसायचंय?"

"काही नाही. भात वाढू?"

२७ डिसेंबर, शनिवार

हंगामाची शेवटची मॅच. घोटा बरा झालाय, आणि वर जाण्याची भानगडच संपल्याने डोरियनवर कसला दबाव नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खेळताना हसताना बघितलं. थांबायचा, बघायचा, आणि कुणाला कळायच्या आत पलीकडे. मी एक क्षणही घाबरलो नाही. म्हणजे दोन-तीनदाच घाबरलो.

शेवट असा. आम्ही एका गुणाने पुढे, दीड मिनिट बाकी, चेंडू आमच्याकडे. डोरियनला चेंडू दिला. फट पडली आणि तो सुटला. समोर कुणीच नाही! सगळं मैदान उभं. मीही उभा, डॉक्टर गेले खड्ड्यात! आणि गोलरेषा एक पाऊल राहिली असताना हा थांबला. आणि चक्क गुडघे टेकून खाली बसला.

"अरे ए! काय करतोस! जा ना!" मी ओरडलो. "पायाला काही झालं का त्याच्या?"

"काही झालेलं नाही," क्लॉडेट म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "टचडाऊन केला असता तर चेंडू त्यांना द्यावा लागला असता. त्यांनी तेवढ्या वेळात बरोबरी साधली असती. आता चेंडू आपल्याकडेच राहणार. त्यांना खेळ थांबवताही येत नाही, त्यांच्या सगळ्या विश्रांत्या वापरून झाल्यात. घड्याळ संपेपर्यंत नुसतं उभं राहायचं. जिंकलो आपण."

पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसून ही बाई विणकाम करते अशी माझी समजूत होती.

रूफसने टोपी काढून छातीशी धरली होती.

२९ डिसेंबर, सोमवार

सगळं उलटंपालटं झालंय. त्या बसण्याची चित्रफीत देशभर दाखवतायत. काल ट्रेडवेलचा फोन. म्हणे तीन संघांनी स्वतःहून चौकशी केली, असं डोकं असलेला मुलगा त्यांना हवाय, खेळाडूंच्या निवडीत मधल्या फेरीतच नक्की घेतील. पंधरा तारखेपर्यंत कळवायचं.

आणि रूफस! सकाळपासून दुकानात ठाण मांडून बसलाय. "मी आधीपासूनच म्हणत होतो, हा पोरगा वेगळाच आहे. जाऊ दे त्याला."

"तू म्हणत होतास, की मागून गाठतात."

"मत बदलायला बंदी आहे का?"

म्हणजे आता गावात डोरियनला थोर न म्हणणारा एकही माणूस उरला नाही. भांडायलाही कुणी नाही. इतकं एकटं मला स्टेंट बसवतानाही वाटलं नव्हतं.

डोरियन सुट्टीला घरी आहे. नीट जेवत नाही.

३ जानेवारी, शनिवार

दुपारी दुकान बंद करताना डोरियन मदतीला आला. आम्ही दोघं टायर रचत होतो. मी ठरवून ठेवलं होतं, त्याला सांगायचं की बिनधास्त जा, तुझ्यासारखा कुणी नाही. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"डोरियन, तू नक्की किती चांगला आहेस ते मला माहीत नाही."

तो तसाच उभा राहिला, हातात टायर.

"गावभर ओरडत फिरलो, रेडिओवर ओरडलो. पण मला खरंच माहीत नाही रे. तू पळायला लागलास की मला काही दिसतच नाही. तू पडलास की वाटतं, संपव देवा हे एकदाचं. आता तू जाणार, तिथे आणखी मोठी पोरं तुझ्यावर आदळणार..."

तो टायरवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं, मोडलं मी पोराला. जवळ गेलो तर तो हसत होता. डोळे पुसत पुसत हसत होता.

"मला माहितीये, डॅडी. मी किती चांगला आहे ते मला नीट माहितीये. मी चांगला आहे. कॉलेजात तर खूप चांगला. पण वरचे लोक वेगळेच असतात. गेल्या वर्षी तसा एक माझ्या बाजूने पळत गेला, तेव्हा मला नुसता त्याचा वारा लागला. मी तिथे गेलो तर दोन वर्षं बाकावर बसेन, तिसऱ्या वर्षी गुडघा जाईल. आणि डोकं जाईल ते वेगळंच. मामा चिडवतात ना, मी रेषेबाहेर पळतो म्हणून? मुद्दाम पळतो. डोकं मला नंतरही लागणार आहे."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही केवढे खूश होता."

"मी? मी कुठे खूश होतो! मला वाटलं तू खूश आहेस!"

मग मलाही हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. शेजारचा सलूनवाला बघायला आला, म्हाताऱ्याला झटका आला की काय.

तो पुढचं वर्ष खेळणार. संघातली पोरं त्याची आहेत, त्यांना अर्ध्यात सोडायचं नाही म्हणतो. मग पदवी, आणि मग प्रोफेसर ट्रॅनबाईंबरोबर काम. ट्रेडवेलना फोन त्याने स्वतः केला, "थँक यू, सर" म्हणून, आमच्यासमोर.

क्लॉडेटला सांगितलं तर म्हणाली, "झालं एकदाचं? बसा जेवायला."

तिने आधीच चौघांची ताटं मांडली होती. रूफस येऊन बसला होता. त्याला डोरियनचा निर्णय सांगितला तर तो दहा मिनिटं कपाळ बडवत होता, की पोराने सोन्यासारखी संधी घालवली. मग कोंबडीचा तुकडा उचलला आणि म्हणाला, "बरं झालं. मला टीव्हीवर बघताना फार त्रास झाला असता."

१७ जानेवारी, शनिवार

आज खाडीवर गेलो. डोरियनने आम्हाला नावेतून त्या जागी नेलं. गुडघाभर चिखल, वर स्वच्छ ऊन. वीस-पंचवीस पोरं-पोरी रांगेत वाकून रोपं लावत होती. डोरियन सगळ्यांना सांगत होता, खोल लाव, तिरपं नको, अजून एक हात सोडून. त्याचा आवाज चांगला लांबवर जात होता. क्लॉडेटने तर पायमोजे काढून सरळ चिखलात उडी घेतली. रूफस मध्येच रुतला आणि त्याला चार जणांनी ओढून काढलं.

मला बसायला सांगितलं होतं म्हणून मी नावेत बसलो. बाजूला एक म्हातारा कालवं काढणारा आपली नाव बांधत होता. त्याला फुटबॉलचं काही पडलेलं दिसत नव्हतं, आमचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. डोरियनकडे हनुवटीने खूण करून म्हणाला,

"तो उंच पोरगा तुमचा का हो?"

"माझा."

"काय करतो?"

"गवत लावतो," मी म्हटलं.

म्हाताऱ्याने दोरी ओढून घेतली. "चांगला आहे का त्यात?"

मी तोंड उघडलं. सवयीने, अख्ख्या दक्षिणेत वगैरे म्हणायला. मग म्हटलं,

"मला त्यातलं काही कळत नाही हो. तुम्हीच बघा आणि सांगा."

म्हाताऱ्याने दोरीची गाठ मारली, नावेच्या काठावर बसला आणि बघायला लागला. मी पाय लांब केले, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि उन्हात मला कधी झोप लागली ते कळलंही नाही.